घाम डोळ्यात गेला की झोंबतो, मग अश्रू का झोंबत नाहीत?

रावेर तालुक्यात केळीच्या बागेत काम करणाऱ्या एका तरुण भाऊंनी विचारलं आहे: "घाम डोळ्यात गेला की इतकी आग होते की हातातलं काम सोडून बसावं लागतं. अश्रूही खारटच लागतात, पण रडताना डोळे असे झोंबत नाहीत. मित्र म्हणतो, घामात मीठ जास्त असतं म्हणून. आई म्हणते, मिठाच्या पाण्यानं डोळे धुवून टाक. ही दोन्ही पाणी एकच की वेगळी? आणि रडलं की शरीरातलं विष निघून जातं, हे खरं का?" शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलं आहे की फवारणीच्या दिवसांत हा त्रास जास्त होतो.

मी जळगावला डोळ्यांचा दवाखाना चालवतो. एप्रिल-मे महिन्यांत रोजच्या पेशंटमध्ये अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. धुळ्याकडचे लोक "डोयामा आग व्हस" म्हणत येतात, यावल-रावेरकडचे त्यांच्या बोलीत सांगतात, पण दुखणं एकच. त्यामुळे भाऊ, तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो. त्यातलं फवारणीचं जे एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पण त्याकडे नंतर येतो.

आधी मित्राचं म्हणणं. ऐकायला पटण्यासारखं आहे, पण प्रत्यक्षात उलट आहे. ग्रंथीतून नुकत्याच निघालेल्या घामापेक्षा अश्रूंमध्ये मीठ जास्त असतं. रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक, दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल (प्रमाण मोजायचं एकक) असतं आणि अश्रूंतलं सोडियम त्याच्याच आसपास राहतं. घामात ते बहुतेकांचं २० ते ८० च्या मध्ये कुठेतरी सापडतं, कुणाचं १० इतकं कमी तर कुणाचं ९० इतकं जास्त. म्हणजे मिठानंच झोंबत असतं, तर घामापेक्षा रडू आल्यावर जास्त झोंबायला हवं होतं.

घामाचा आकडा मी असा ऐसपैस का दिला? कारण तो खरोखरच तसा आहे. कोण माणूस, किती दिवस उन्हात वावरतोय, काम किती जोराचं, घाम कपाळावरचा की पाठीवरचा, यावर तो बदलतो. एकाच माणसाचा सकाळचा आणि दुपारचा घाम सारखा नसतो. अश्रूंचं तसं नाही. निरोगी डोळ्यात त्यांची घडण बरीच एका रेषेत राहते, आणि ती तशी राहावी म्हणून शरीर खूप खटपट करतं. हा फरक का पडतो ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

घामाची ग्रंथी म्हणजे त्वचेत खोलवर गुंडाळी करून बसलेली एक बारीक नळी. अशा २० ते ४० लाख नळ्या आपल्या अंगावर आहेत. तळाच्या गुंडाळीत जो द्रव तयार होतो, तो मिठाच्या बाबतीत रक्तातल्या पाण्यासारखाच असतो, फक्त त्यात प्रथिनं जवळपास नसतात. मग तो नळीतून वर चढतो आणि चढता चढता नळीच्या भिंती त्यातलं सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे मिठाचे दोन्ही घटक, परत आत ओढून घेतात. त्वचेवर येतो तो मीठ काढून घेतलेला द्रव. घाम सावकाश येत असेल तर ही वसुली नीट होते. घाम धो धो यायला लागला की द्रव नळीतून इतक्या घाईनं जातो की मीठ परत घ्यायला सवड मिळत नाही, आणि घाम जास्त खारट होतो.

यात सवयीचाही मोठा वाटा आहे. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेला पाहुणा पहिल्या दिवशी बागेत उतरला, तर त्याच्या घामात मीठ जास्त जातं. आठ-पंधरा दिवस रोज उन्हात काम केलं की शरीर शिकतं: ॲल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं, नळ्या मीठ जास्त वसूल करतात, घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो, पण पातळ येतो. तुम्ही वर्षानुवर्षं बागेत आहात, तुमचा वैशाखातला घाम त्या पाहुण्याच्या घामापेक्षा बराच कमी खारट असणार.

शरीर एवढी काटकसर का करतं, ते हिशोबात दिसतं. कडक उन्हात कष्टाचं काम करताना तासाला एक लिटर घाम सहज जातो. त्यात सोडियम ४० धरलं तरी एका लिटरमागे सव्वादोन ग्रॅमच्या वर मीठ गेलं. दिवसभरात पाच लिटर गेला तर बारा ग्रॅमच्या आसपास. वसुली झाली नसती तर हाच आकडा तिपटीच्या वर गेला असता आणि माणूस दोन दिवसांत आडवा झाला असता. अश्रूंचं पाहा. न रडता, नुसते डोळे ओले ठेवण्यासाठी दिवसभरात एका डोळ्यात एक-दोन मिलिलिटरच अश्रू तयार होतात. त्यातलं मीठ चिमूटभरसुद्धा भरत नाही. तिथे काटकसर करून शरीराचं काही वाचत नाही, उलट डोळ्याचं नुकसान होईल.

घामातली ही वसुली किती महत्त्वाची आहे हे वैद्यकाला एका उष्णतेच्या लाटेनं दाखवलं. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये भयंकर उकाडा झाला, तेव्हा उष्णतेनं कोसळून दवाखान्यात आलेल्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची मुलं नजरेत भरण्याइतकी जास्त होती. त्यावरून शोध घेत पॉल डी सँट'ॲग्नीज यांनी १९५३ मध्ये दाखवलं की या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असतं. त्यांच्या नळ्यांना क्लोराइड परत घेताच येत नाही. आजही या आजाराच्या निदानाचा मुख्य आधार घामाची तपासणी हाच आहे: क्लोराइड ६० मिलिमोलच्या वर निघालं की आजाराची शक्यता दाट. आपल्याकडे हा आजार क्वचित दिसतो, पण बाळाला घाम आल्यावर कपाळ फारच खारट लागत असेल, त्याला सारखा खोकला असेल आणि वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर ही गोष्ट जरूर घाला.

आता तुम्ही म्हणाल, घाम जर कमी खारट, तर शर्टाच्या पाठीवर ते पांढरे डाग कसले? आणि हात चाटला तर एवढा खारट का लागतो? इथे आपल्या हवेचा संबंध येतो. खान्देशातला उन्हाळा कोरडा. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवेत ओल नसते, त्यामुळे घाम आला की लगेच उडतो. पाणी जातं, मीठ तिथेच राहतं. तासाभरानं कपाळावर, भुवईत, टोपीच्या कडेला त्या मिठाचा थर बसलेला असतो. मग तुम्ही वाकून घड उचलता, घामाचा नवा लोट येतो, तो हा साठलेला थर विरघळवून घेऊन डोळ्यात उतरतो. तो थेंब ग्रंथीतून निघालेल्या घामापेक्षा कितीतरी खारट असू शकतो. कोकणात दमट हवेत घाम उडत नाही, नुसता निथळतो, तिथे हा प्रकार कमी. म्हणून मित्राचं म्हणणं तत्त्वानं चूक असलं, तरी वैशाखातल्या दुपारी आपल्या भागात त्यात थोडं तथ्य आहे. पडताळून पाहायचं असेल तर तोंड धुवून पुसा, उन्हात जा आणि वरच्या ओठावर आलेला पहिला थेंब चाखा. मग तासाभरानं मनगट चाखा. फरक जिभेला कळेल.

पण मीठ बाजूला ठेवलं तरी घाम झोंबतोच. पहिलं कारण आंबटपणा. अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो, म्हणजे रक्तासारखा, किंचित अल्कधर्मी. घाम नळीतून वर येताना मिठाबरोबर त्यातला बायकार्बोनेटही काढून घेतला जातो, शिवाय ग्रंथी काम करते तेव्हा लॅक्टिक आम्लाचा अंश त्यात उतरतो. त्यामुळे त्वचेवरचा घाम बहुतेक वेळा ५ ते ६.५ च्या मध्ये, म्हणजे आम्लधर्मी असतो. पीएच एका अंकानं उतरला की आम्लता दहापट वाढते, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, त्वचेच्या शेकडो पट दाट मज्जातंतू आहेत आणि आम्ल ओळखून बोंब मारणारे तंतू त्यांत भरपूर. हातावर कळतही नाही ते डोळ्याला आगीसारखं लागतं.

दुसरं कारण ऐकायला विचित्र वाटेल: ताजा घाम अश्रूंपेक्षा पातळ असतो, म्हणूनही तो डोळ्याला रुचत नाही. विहिरीत पोहताना डोळे उघडले की चुरचुरतात, ते पाणी तर गोडं असतं. दवाखान्यात आम्ही सलाइननं डोळा धुतो तेव्हा पेशंटला काही जाणवत नाही, कारण सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं आणि ते प्रमाण अश्रूंशी जुळतं. डोळ्याला त्याच्या ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी मीठही नको आणि जास्तही नको.

तिसरं कारण माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात मोठं आहे: घाम एकटा येत नाही. तो कपाळावरून जे काही वाटेत मिळेल ते घेऊन येतो. डोक्याचं तेल, धूळ, केळीचा चीक, युरियाच्या खताचे कण, फवारणीचं औषध. नंदुरबारला मिरचीच्या पथारींवर काम करणाऱ्या बायका येतात, त्यांच्या कपाळाला मिरचीचा अंश लागलेला असतो आणि घामाबरोबर तो डोळ्यात उतरतो. मिरचीतला तिखट पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्यानं हात धुवून डोळ्याला लावला की आग आणखी पसरते. आधी हाताला गोडं तेल चोळायचं, मग साबणानं धुवायचं. हे फक्त हाताला, डोळ्यात तेल नाही.

अशा पेशंटच्या डोळ्यात मी फ्लुरेसिनचा पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात पाहतो. नुसत्या घामानं आग झालेली असेल तर बहुतेक वेळा कॉर्निया साफ दिसतो. त्रास होतो, पण इजा नसते. औषध किंवा मिरची गेलेली असेल तर पडद्याच्या खालच्या भागात हिरवे चमकणारे बारीक ठिपके दिसतात, जणू टाचणीनं टोचल्यासारखे. तिथे वरच्या पेशी मेलेल्या असतात. आणि रुमालानं खसाखसा डोळे पुसायची सवय असेल तर ठिपक्यांच्या जागी ओरखडे दिसतात. हे ओरखडे मला जास्त काळजीत टाकतात. शेतातल्या पानाचा, काडीचा, मातीचा संसर्ग त्या ओरखड्यातून आत शिरला की बुरशीचा व्रण होतो, तो महिनोन्‌महिने बरा होत नाही आणि शेवटी डोळ्यात फूल पडतं. घामानं फूल पडत नाही. चोळण्यानं पडतं.

इथवरचं थोडक्यात: ताजा घाम अश्रूंपेक्षा कमी खारट, पण जास्त आंबट, आणि वाटेतली घाण सोबत आणणारा.

अश्रूंबद्दल आता. आपण त्याला पाणी म्हणतो, पण डोळ्यावरचा अश्रूंचा थर साधं पाणी नाही. त्याची जाडी जेमतेम तीन मायक्रॉन, आपल्या केसाच्या जाडीच्या वीस भागांतला एक भाग. वर तेलाची साय, मध्ये पाणी आणि प्रथिनं, खाली कॉर्नियाला चिकटून राहणारा चिकट श्लेष्मा. तेल पापणीच्या कडेला ओळीनं बसलेल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत अशा तीसेक ग्रंथी असतात, खालच्या पापणीत वीस-पंचवीस. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पाणी येतं भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली असलेल्या अश्रुग्रंथीतून.

माझ्या दृष्टीनं घाम आणि अश्रू यांच्यातला खरा फरक इथेच आहे. घाम उडून जाण्यासाठी बनवलेला असतो. माठातलं पाणी बाहेर पाझरून उडतं आणि आतलं गार होतं, तेच काम घाम करतो. एक लिटर घाम उडाला की शरीरातली ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अश्रू मात्र उडू नयेत म्हणून बनवलेले असतात. वरची तेलाची साय त्यासाठीच. घाम फेकून द्यायचा आहे म्हणून त्यातून कामाचं तेवढं काढून घेतलं जातं. अश्रू ठेवायचे आहेत म्हणून त्यात कामाचं भरलं जातं.

काय काय भरलेलं असतं? प्रथिनं लिटरला सहा ते दहा ग्रॅम. घामात ती नगण्य. अश्रूंतल्या प्रथिनांत जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम, जंतूंना लागणारं लोह लपवून ठेवणारं लॅक्टोफेरिन आणि रोगप्रतिकारक द्रव्यं असतात. लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जगापुढे मांडलं, पेनिसिलिन सापडण्याच्या काही वर्षं आधी. प्रयोगाला अश्रू लागायचे म्हणून ते प्रयोगशाळेत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यात लिंबाचा रस पिळायला लावत. पोटॅशियमही अश्रूंत रक्ताच्या कित्येक पट असतं. रक्तात ४ मिलिमोलच्या आसपास, अश्रूंत १५ ते ३० किंवा त्याच्याही वर. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, तिच्या वरच्या पेशींचं पालनपोषण अश्रूंवर अवलंबून आहे. घामाची बाजू घ्यायची तर त्यातही डर्मसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन असतं. २००१ मध्ये ते जर्मनीत सापडलं. पण ते त्वचेसाठी आहे, डोळ्यासाठी नाही.

साखरेबद्दल बरेच पेशंट विचारतात, म्हणून सांगून टाकतो. अश्रूंत साखर असते, पण रक्ताच्या तुलनेत फार थोडी, आणि रक्तातल्या चढउताराशी तिचा मेळ भरवशाचा नाही. गूगलनं २०१४ मध्ये अश्रूंतली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली होती, २०१८ मध्ये ते काम थांबवलं. अश्रूंवरून साखर मोजून रक्ताची तपासणी टाळणं अजून जमलेलं नाही.

आता तुमच्या आईंचा सल्ला. आईंचा हेतू चांगला आहे, पण मिठाचं पाणी घरी करून डोळ्यात घालू नका. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ टाकलं की ते अडीच-तीन टक्क्यांचं पाणी होतं, म्हणजे अश्रूंच्या तिप्पट खारट. त्यानं डोळ्याची आग वाढते, पेशींतलं पाणी ओढलं जातं. शिवाय पेला, चमचा, पाणी, काहीच निर्जंतुक नसतं. गुलाबपाणी, मध, आईचं दूध हेही नको. घाम गेला तर डोळा मिटून पाच-सात वेळा हलक्या उघडझापा करा, तुमचे अश्रू बहुतेक वेळा एका मिनिटात घाम धुवून काढतात. पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा सपका मारला तरी चालेल. कॅनॉलच्या किंवा ठिबकच्या टाकीतल्या पाण्याचा नको. ठिबकमधून खत सोडलेलं असलं तर ते थेट डोळ्यात जाईल.

सगळ्यात सोपा उपाय डोळ्याच्या वर आहे. जुन्या सुती धोतराची किंवा लुगड्याची दोन बोटं रुंद पट्टी कपाळाला, भुवईच्या वर, घट्ट बांधा. टेरिकॉटची नको, ती घाम पीत नाही. दुपारी एकदा पट्टी बदला किंवा पिळून धुवा, कारण भरलेली पट्टी तो साठलेला खारा घाम पुन्हा खाली सोडते. सोबत तोंड धुवायला बाटलीभर पाणी ठेवा आणि दोन तासांनी कपाळ-भुवया धुवा. माझ्या पेशंटपैकी ज्यांनी एवढंच केलं, त्यातले बरेच थेंब न घेता सुटले.

थेंबांबद्दलही एक गोष्ट. डोळ्यात एका वेळी अश्रू मावतात सात मायक्रोलिटरच्या आसपास, बाटलीतून पडणारा एक थेंब असतो तीस ते पन्नास. दोन थेंब टाकले तर दुसरा गालावरूनच वाहतो. आणि मेडिकलवरून स्वतःच्या मनानं डोळे लाल असताना घालायचे थेंब आणू नका, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये स्टिरॉइड असतं.

अजून एक गोंधळ मला उन्हाळ्यात रोज सोडवावा लागतो. पेशंट म्हणतो, "डोळ्यातून पाणी गळतं," आणि मी म्हणतो, "डोळे कोरडे आहेत." त्याला वाटतं डॉक्टरांनी ऐकलंच नाही. होतं असं: गरम वाऱ्यानं, विशेषतः मोटारसायकलवर, तेलाची साय फाटते, अश्रूंतलं पाणी उडतं, राहिलेले अश्रू घट्ट आणि जास्त खारट होतात. ही घट्टता ३०८ मिलिऑस्मोलच्या वर गेली की आम्ही कोरड्या डोळ्याचा संशय घेतो. घट्ट अश्रू डोळ्याला टोचतात, मेंदू घाबरून अश्रुग्रंथीला हुकूम सोडतो आणि पाण्याचा लोंढा येतो. त्या लोंढ्यात तेल नसतं, म्हणून तोही टिकत नाही. अशा माणसाचे अश्रू मात्र खरंच झोंबतात. भाऊ, तुमचे डोळे घाम नसतानाही, संध्याकाळी घरी बसल्यावर चुरचुरत असतील, तर दोष घामाचा नाही, अश्रूंचा आहे, आणि त्याची वेगळी तपासणी लागेल.

रडण्यानं विष निघतं का? अमेरिकेत विल्यम फ्रे यांनी १९८१ मध्ये भावनेनं आलेले अश्रू आणि कांद्यानं आलेले अश्रू यांची तुलना केली. भावनेच्या अश्रूंत प्रथिनं जास्त आढळली. त्यावरून विषाची गोष्ट पसरली. पण पोटभर रडलं तरी डोळ्यातून काही मिलिलिटरच पाणी जातं, त्यातलंही बरंच नाकात उतरून आपण गिळून टाकतो. एवढ्याशा पाण्यातून शरीर शुद्ध होणं शक्य नाही. घामाचंही तेच. युरिया घामातूनही जातो, पण ते काम मूत्रपिंडाचं आहे. रडून मन हलकं होतं हे खरं आहे, त्यासाठी विषाची गोष्ट लावायची गरज नाही. कुणाला रडू येत असेल तर त्याला रडू द्या.

पिण्याच्या पाण्यातल्या मिठाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आकडे वर आलेच आहेत. उन्हात दिवसभर नुसतं पाणी लिटर-लिटर प्यायलं आणि मीठ भरून काढलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, पिंढऱ्यांत गोळे येतात. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, किंवा लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र मिठाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

आता तुमचं ते फवारणीचं वाक्य. घाम आणि अश्रू कितीही वेगळे असले तरी एका बाबतीत सख्खे आहेत: दोन्ही ग्रंथी ॲसिटिलकोलिन या एकाच रसायनाच्या हुकुमानं चालतात. घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या नसा दुसऱ्या जातीच्या आहेत, तरी तिथेही रसायन हेच. याचे दोन परिणाम तुम्हाला माहीत असायला हवेत.

एक म्हणजे हे रसायन अडवणारी औषधं दोन्ही सुकवतात. धोत्र्यातलं ॲट्रोपिन असं काम करतं. पण घरोघरी सर्दी-खाजेवर घेतल्या जाणाऱ्या क्लोरफेनिरामाइनसारख्या झोप आणणाऱ्या गोळ्या, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या, यांचाही थोडाफार तोच गुण आहे. अशी गोळी घेऊन भर उन्हात काम केलं तर डोळे कोरडे पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे घाम कमी येतो, शरीर थंड होत नाही, उष्माघाताचा धोका वाढतो. चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण उन्हाळा लागला की डॉक्टरांना एकदा विचारा.

दुसरा परिणाम उलटा आणि जास्त घातक. पूर्वी सर्रास मारलं जाणारं मोनोक्रोटोफॉस, तसंच प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, क्लोरपायरिफॉस ही पिकांवरच्या किडींसाठीची औषधं शरीरात ॲसिटिलकोलिन मोडणारं द्रव्य बंद पाडतात. मग ते साठत जातं आणि सगळ्या ग्रंथी एकदम सुटतात. ही औषधं त्वचेतून आत जातात, घामानं ओल्या आणि गरम त्वचेतून तर आणखी सहज. म्हणून फवारणीच्या दिवशी नुसते डोळे झोंबले तर मी तेवढा घाबरत नाही. पण सावलीत बसल्यावरही घाम थांबत नाही, डोळ्यातून पाणी वाहतंय, तोंडाला लाळ सुटलीय, मळमळतंय, छाती भरून आल्यासारखी वाटतेय, नजर अंधूक झालीय, तर ते ऊन नाही, विषबाधा आहे. सोबतच्यानं बुबुळाच्या मधली काळी बाहुली पाहावी. ती टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालेली असेल तर शंका ठेवू नका.

अशा वेळी कपडे काढून साबण लावून अंग धुवा आणि लगेच दवाखान्यात निघा. श्वास लागत असेल किंवा शुद्ध जात असेल तर अंग धुण्यात वेळ घालवू नका, भिजलेले कपडे तेवढे काढून निघा. मोटारसायकलवर त्याला एकट्याला पाठवू नका. औषध थेट डोळ्यात उडालं असेल, पण बाकी काही लक्षण नसेल, तर पापण्या बोटांनी फाकवून पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडत राहा, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दोन्ही वेळी औषधाचा डबा किंवा पुडा सोबत घ्या. सगळ्या कीटकनाशकांचं विष एकसारखं काम करत नाही, आणि वर सांगितलेल्या जातीचं असेल तर ॲट्रोपिन लवकरात लवकर सुरू करावं लागतं. डब्यावरचं नाव दिसलं की तिथल्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.